जुन्या गोव्यातला तो अर्धा मनोरा आणि 'राणीची खिडकी', नीट बघायचं तर कसं जायचं?

इचलकरंजीचा_मन्या:

राम राम मंडळी. मागच्या डिसेंबरात गोव्याला गेलो होतो, भाड्याची गाडी केलेली, तर त्या गाडीवाल्याने बासिलिका आणि से कॅथेड्रल दाखवलं आणि लगेच "चला आता मंगेशी" सुरू केलं. मी म्हटलं तो वर टेकाडावर उंच मनोरा दिसतोय तो काय आहे, तर म्हणे "ते काय नाय, पडकं हाय". आम्ही हट्टाने वर गेलो आणि अक्षरशः १५ मिनिटं मिळाली, खालून हॉर्नवर हॉर्न. पण काय जागा आहे राव! डोक्यावर छप्पर नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पडलेल्या जाड जाड भिंती, आत खोल्या खोल्या, आणि मधे उभा कापल्यासारखा मनोरा. तिथे एक वॉचमन काका होते, त्यांनी मागच्या अंगाला हात करून सांगितलं "ती राणीची खिडकी". कोणती राणी विचारेपर्यंत बायकोचा फोन, खाली या म्हणून.

तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता फेब्रुवारीत परत जायचा विचार आहे, स्वतःची गाडी घेऊन, म्हणजे हॉर्नची भानगड नाही. सोबत आई (६८, गुडघे बोलतात) आणि सहावीतली भाची, जिला प्रत्येक गोष्टीत 'का' विचारायची सवय आहे. चढाव आईला झेपेल का, किती वेळ हातात ठेवू, आणि मुख्य म्हणजे ती राणी कोण? पोर्तुगालची राणी गोव्यात आली होती का कधी? बायकोचं म्हणणं, पडक्या भिंती बघायला परत एवढं पेट्रोल जाळायचं का. तिला द्यायला उत्तर पण सांगा.

---

जांभा_आणि_चुना:

मन्याभाऊ, तुम्ही सेंट ऑगस्टीनला जाऊन आलात. चर्चचं खरं नाव 'नोस्सा सेन्योरा द ग्रासा', म्हणजे कृपामाऊली म्हणा हवं तर. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ ला गोव्यात आले, चर्च १५९७ ला सुरू केलं आणि १६०२ ला पुरं. मनोरा ४६ मीटर, म्हणजे आजच्या हिशोबात १५ मजल्यांची बिल्डिंग, आणि सगळा जांभा. त्या काळी ना क्रेन ना काँक्रीट.

मी जुन्या वाड्यांची, देवळांची डागडुजी करतो त्यामुळे माझं लक्ष वेगळ्या ठिकाणी जातं. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, कोयत्याने तासता येतो, मग हवेत कडक होतो, पण अंगभर भोकं असल्याने पाणी पितो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा लागतोच, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी डागडुजी. गोव्यात १०० इंचाच्या वर पाऊस पडतो हे लक्षात घ्या. १८३५ ला पोर्तुगीज सरकारने साधूंचे सगळे पंथ बंद केले, साधू गेले, मठाला कुलूप. आणि छप्पर कधी पडलं? १८४२. म्हणजे फक्त सात पावसाळे! सव्वादोनशे वर्षं उभं राहिलेलं बांधकाम माणूस हलल्यावर सात पावसाळ्यांत बसलं. गोल पिंपासारखं छत होतं, तसलं छत भिंतींना कायम बाहेर ढकलत असतं, त्यात एकदा पाणी मुरलं, फटीत पिंपळ आला की संपलं. मग १९३१ ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा कोसळला, १९३८ ला आणखी काही भाग. तुम्हाला जो 'कापल्यासारखा' वाटला तो मुळात पूर्ण होता आणि त्याच्या जोडीला पलीकडे अजून एक होता.

गेलात की मनोऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहून भिंतीची जाडी बघा, चिऱ्यांच्या रांगा बघा, मधे मधे कमानी कशा भार घेतात ते दिसतं. गिलावा असलेल्या चर्चमधे हे कधीच दिसत नाही. मला विचाराल तर पडलेली इमारत उभ्या इमारतीपेक्षा जास्त शिकवते, पण हे धंद्याचं बोलणं झालं, वहिनींना पटणार नाही :)

आणि हो, बासिलिका लालभडक दिसते ना, ती पण मुळात अशी नव्हती. तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून तो दगड पाऊस पितोय. यावर गोव्यात आजही भांडणं होतात.

---

खाजा_शेंगदाणे:

सकाळी ९ च्या आत पोचा. ११ नंतर जांभा तापतो आणि वर सावलीला एक झाड धड नाही. आईंना छत्री, पाण्याची बाटली, साधे सपाट बूट. हिल्स घालून रील करणाऱ्या पोरी तिथल्या दगडांत अडकून पडलेल्या बघितल्यात मी. चढाव मोठा नाहीये, गाडी बरीच वर जाते.

---

लेकुरवाळी_कोथरूड:

राणीचं मी सांगते कारण त्या एका गोष्टीपायी मी तीनदा गेलेय तिथे.

ती पोर्तुगालची नाही, जॉर्जियाची. अमेरिकेतलं जॉर्जिया नाही हं, रशियाच्या खालचं, तिबिलिसीवालं. नाव केतेवान, काखेती नावाच्या राज्याची राणी. तिचा मुलगा तेइमुराझ तिथला राजा. इराणचा शाह अब्बास चालून येणार असं दिसल्यावर ही बाई १६१४ ला स्वतः शाहाकडे ओलीस म्हणून गेली. त्याने तिला शिराझला ठेवली, एक नाही दोन नाही, दहा वर्षं. शेवटी धर्म बदल म्हणून हुकूम, ती नाही म्हणाली, आणि १६२४ ला तिला तापलेल्या सळया-चिमट्यांनी हाल करून मारलं. (भाचीला सांगताना हा भाग जरा आवरून सांगा, माझ्या मुलाने रात्री लाइट बंद करू दिला नव्हता.)

आता गोव्याचा संबंध काय? तर नेमके त्याच सुमाराला शिराझमधे ऑगस्टिनियन साधू होते, याच गोव्यातल्या मठाशी बांधलेले. त्यांनी तिचे अवशेष लपवून ठेवले, काही भाग तिच्या मुलाकडे पोचवला आणि काही १६२७ ला गोव्याला आणला. जुन्या पोर्तुगीज कागदात नोंद अशी की मठाच्या चॅप्टर चॅपेलमधे, एपिसल बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवले. चॅप्टर चॅपेल म्हणजे साधू लोक बैठकीला जमायचे तिथलं प्रार्थनेचं दालन, आणि एपिसल बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात. इतका नेमका पत्ता! फक्त अडचण एवढीच की घरच पडलेलं. चॅपेल कुठलं, खिडकी कुठली, सगळा दगडमातीचा ढीग.

१९८० च्या दशकाच्या शेवटापासून जॉर्जियाचे लोक येऊन शोधत होते. इकडे आर्किऑलॉजिकल सर्व्हेने ढीग उपसत उपसत मठाचा नकाशा जुळवला आणि २००५ च्या सुमारास त्या चॅपेलच्या जागी हाताचं हाड मिळालं. मग हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी प्रयोगशाळेत डीएनए तपासला. त्यात आईकडून येणारा जो वंश असतो तो यू१बी निघाला, आपल्याकडच्या हजारो नमुन्यांत न मिळालेला, पण जॉर्जियाच्या लोकांत सापडणारा. तिथलीच म्हणून दाखवलेली आणखी दोन हाडं पण तपासली होती, ती मात्र आपल्याच भागातल्या वंशाची निघाली. हे मला फार आवडतं, म्हणजे आधीच ठरवून तपासलेलं नाही ना. २०१७ ला ते अवशेष काही महिन्यांसाठी जॉर्जियाला दर्शनाला नेले, आणि जुलै २०२१ मधे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीला जाऊन त्यातला भाग कायमचा देऊन टाकला.

तर मन्यादादा, मुख्य चर्चमधून तसंच मागे मठाकडे जा, चौकाच्या कडेला चॅपेल आहे. वेदीच्या जागेकडे तोंड करून उभे रहा आणि उजवीकडची दुसरी खिडकी मोजा. वॉचमनला विचारायच्या आधी भाचीला मोजू द्या.

---

रोखठोक_सातारकर:

सगळं ठीक आहे पण एक सांगा, यांनी आपली देवळं पाडली, इन्क्विझिशन, म्हणजे ते धर्मन्यायालय, चालवलं १५६० पासून १८१२ पर्यंत, आणि आपण यांच्या पडक्या चर्चच्या चिऱ्यांना आहा-ओहो करायचं? पडलं तर पडलं. तेवढ्याच पेट्रोलमधे रायगड होतो.

---

खाजा_शेंगदाणे:

आला का हा. प्रत्येक धाग्यावर रायगड.

---

दिवाडीचो_नातू:

सातारकर, तुमच्या प्रश्नात राग आहे पण प्रश्न खोटा नाही. माझं आजोळ दिवाडी बेटावर, तो मनोरा आम्हाला मांडवीपलीकडून रोज दिसायचा, आजी त्याच्यावरून ढग किती खाली आलेत ते बघून वाळवण काढायची. आमच्या या दिवाडीवरच मूळ सप्तकोटेश्वर होता, कदंब राजांचा कुलदेव. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लोकांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं, आणि १६६८ ला शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायला लावलं. तेव्हा मी म्हणतो दोन्ही बघा आणि एकाच दिवशी बघा. सकाळी ऑगस्टीन, मग व्हाइसरॉय कमानीखालून धक्क्यावर जा, फेरीबोट घेऊन दिवाडी, बेटाच्या दुसऱ्या टोकाहून परत बोट आणि नार्वे. गाडी बोटीत चढते. एवढ्या अंतरात पाडणारे, पडलेले, परत बांधणारे सगळे भेटतात, रायगडला हे नाही मिळायचं (रागावू नका).

अजून एक मराठी धागा देतो. नोव्हेंबर १६८३ मधे संभाजी महाराजांची माणसं आमच्या शेजारच्या जुवें बेटावर, म्हणजे सांतइस्तेव्हला, उतरली होती. जुनं गोवा तिथून दिसतं. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर तिथे मार खाऊन पळत आला आणि सरळ फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या हातात ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. त्या रात्री या मनोऱ्यातली घंटा वाजली असेल की नाही कुणास ठाऊक, पण मनोरा तेव्हा पुरा उभा होता आणि वरून मराठ्यांचे जाळ दिसत असणार.

घंटेवरून आठवलं. ती घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे, ते पांढरं, जिन्या-जिन्यांचं, सिनेमात दिसणारं. मधे काही काळ आग्वादच्या किल्ल्यावर होती, १८७१ ला पणजीच्या चर्चवर चढवली. नुसती घंटाच नाही, पणजी वाढली तेव्हा जुन्या गोव्याचे दगड पण तिकडे गेले. रोगराईने शहर रिकामं झालं होतं, आमची आजी म्हणायची जुन्या गोव्यात राहिले ते फक्त पाद्री आणि माड.

मन्या, वर गेल्यावर अजून दोन गोष्टी जवळच आहेत त्या सोडू नका. एक, समोरच सेंट अँथनीचं छोटं चॅपेल. हा संत अंतोन पोर्तुगीज सैन्यात कॅप्टन म्हणून पटावर होता, खरोखरचा पगार, आणि दरवर्षी मूर्ती वाजतगाजत खजिन्यात न्यायचे पगार उचलायला. एका गव्हर्नरने हा खर्च फालतू म्हणून बंद केला आणि संताच्या सणालाच घोड्यावरून पडला, मग पगार चालू, असं सांगतात. दुसरं, टेकाडाच्या कडेला रोझरी चर्च. त्यात कातारीना आ पिरो नावाच्या बाईची समाधी आहे, गव्हर्नर गार्सिया द सा याची बायको, त्यावरचं कोरीवकाम बघा, वेलबुट्टी थेट विजापुरी धाटणीची. पाडणाऱ्यांना पण कारागीर इथलेच लागले.

आईक म्हणचें, सांबाळून. देव बरें करूं.

---

जांभा_आणि_चुना:

वा, मस्त. एक राहिलं होतं, लेकुरवाळी ताईंनी वर बघायला लावलं, मी खाली बघायला सांगतो. चर्चची जमीन म्हणजे थडग्यांचीच फरसबंदी आहे. प्रत्येक शिळेवर घराण्याचं चिन्ह, कुठे ढाल, कुठे सिंह, कुठे कवटी आणि आडवी हाडं. अक्षरं रोमन पण वाचताना गंमत अशी की यू च्या जागी व्ही कोरलेला असतो. 'सेपुल्तुरा' असा शब्द दिसला की थडगं, आणि पुढे 'एर्देइरुश' दिसलं तर त्याचा अर्थ वारसदार. म्हणजे ही जागा अमक्याची आणि त्याच्या वारसांची. मेल्यावर पण सातबारा!

शिळा तिरप्या उन्हात वाचायच्या, सकाळी लवकर. डोक्यावर ऊन आलं की अक्षरं गायब होतात. आणि कृपया कुणी त्यावर पाणी-खडू घासून फोटो काढू नका, असले महाभाग असतात.

एका बाजूच्या छोट्या चॅपेलमधे भिंतीला अजून रंगीत आझुलेजु, म्हणजे पोर्तुगीज चिनीमातीच्या टाइल्स, चिकटून आहेत. थोड्याच आहेत पण एवढ्या पावसांत त्या टिकल्या आणि दगड गेला, विचार करा.

---

रोखठोक_सातारकर:

सप्तकोटेश्वरचं माहीत होतं, बोटीने तिथून जाता येतं हे माहीत नव्हतं. जाईन. पण रायगड आधी.

---

इचलकरंजीचा_मन्या:

मंडळी, जाऊन आलो, म्हणून रिपोर्ट टाकतोय, उशीर झाला माफी.

आदल्या दिवशी पणजीत मुक्काम केला, सकाळी पावणेनऊला वर. आम्ही चौघं, एक फॉरेनर जोडपं आणि झाडू मारणाऱ्या दोन बाया, बस. आईला चढाव काहीच वाटला नाही, आत मात्र उंबरे आणि पायऱ्या आहेत तिथे हात धरावा लागला, मग ती एका कट्ट्यावर बसली ती तासभर उठली नाही. जांभाभाऊ, मनोऱ्याखाली उभं राहून वर बघितलं तर मान दुखली आणि जरा भीती पण वाटली, एका बाजूने नीट घडवलेला आणि दुसरीकडून नुसता फाटलेला, मधल्या कमानीत पारवे. सात पावसाळ्यांचं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग या वर्षी करून घे. म्हणजे पेट्रोल वसूल नाही झालं, वर खर्च वाढला.

भाचीने खिडकी मोजली. आधी ती वेदीकडे पाठ करून उभी राहिली त्यामुळे भलतीकडची दुसरी खिडकी धरून बसली आणि मला म्हणे बोर्ड चुकलाय. मग लेकुरवाळी ताईंचा मेसेज वाचून दाखवला, तोंड फिरवलं, परत मोजली. तिथे बघण्यासारखं तसं काही नाही हो, भिंत, दगड आणि वर आभाळ. पण पोरगी तिथे बराच वेळ गप्प उभी होती, जे आमच्या घरात कधी घडत नाही. मागच्या वेळचे वॉचमन काका नव्हते, दुसरा तरुण मुलगा होता, त्याने सांगितलं की जॉर्जियाचे लोक आले की इथे मेणबत्ती लावतात, रडतात पण.

थडगी वाचायचा नाद आईलाच लागला. तिला रोमन वाचता येतं पण पोर्तुगीज कुठलं येणार, तरी व्ही चा यू करत करत तिने एका शिळेवर 'सेपुल्तुरा' शोधलं आणि बोटाने अक्षर अक्षर चाचपून पुढचं नाव काढायला लागली. अर्धं झिजलेलं होतं. मी म्हटलं आई चल, तर म्हणे थांब जरा, एवढं कोरून ठेवलंय तर कुणीतरी वाचायला नको का. पदराने धूळ पुसली तिने, पाणी-खडू नाही घासला, भाऊ काळजी नसावी.

अंतोनच्या चॅपेलला कुलूप होतं. रोझरी चर्चमधली विजापुरी वेलबुट्टी बघितली. फेरीबोटीने दिवाडी आणि नार्वे पण केलं, सप्तकोटेश्वराच्या दीपमाळेपाशी डबा खाल्ला, दिवाडीच्या धक्क्यावरून मनोरा खरंच दिसतो, नातूसाहेब, आजींच्या वाळवणाची आठवण काढली. संध्याकाळी पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो, घंटा वर दिसते, आईने हात जोडले. कशाला जोडले विचारलं तर म्हणे घंटा आहे ना.

आता एक शंका राहिलीय आणि ती माझी नाही, भाचीची. येताना आंबोलीच्या घाटात गाडीत सगळे झोपलेले, आणि ही मागून एकदम विचारते, मामा, एक हाड राणीचं निघालं, मग बाकीची दोन होती ती कुणाची? मी म्हटलं इथल्याच कुणाची तरी. तर म्हणे त्यांना कोण न्यायला आलं?

आहे का कुणाकडे उत्तर, असेल तर टाका इथे, रोज विचारतेय.